परक्या शिवेतलं रान

बंदुकीचा परवाना कुणी विचारलाच नाही.

वायोमिंगमधल्या एका रस्त्याच्या कडेला तपासणी नाका लागला होता. भाच्याच्या मित्राने गाडी उभी केली. मागच्या सीटवर माझ्या गुडघ्यांना लागून त्याची रायफल खोळीत आडवी ठेवलेली होती. लाल सदऱ्यातली गेम वॉर्डन खिडकीशी आली. वायोमिंगच्या वॉर्डनचा सदरा लालच असतो, लांबूनही ओळखू येतो. मी सवयीने बघू लागलो, हा मित्र बंदुकीच्या परवान्याचं पुस्तक कुठून काढतो. त्याने पाकिटातून एक लांबट कागद काढून दिला. त्यावर त्याचं नाव होतं, प्राण्याचं नाव होतं, आणि खाली कापून काढायची एक पट्टी होती. वॉर्डनने ती पट्टी शाबूत आहे हे पाहिलं, 'शुभेच्छा' म्हणाली आणि पुढच्या गाडीकडे गेली.

पुढच्या गाडीत मारलेली एल्कची मादी होती. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊबंद, नर तीनशे किलोंच्या पुढे जातो. एका तरुणाने मादीच्या गळ्यातली ग्रंथी काढून पिशवीत भरली, चिठ्ठी लावली. हरणांच्या मेंदूला पोखरणाऱ्या एका रोगाची तपासणी करायची असते. तो रोग पहिल्यांदा दिसला १९६७ साली, भाचा राहतो त्याच फोर्ट कॉलिन्समधल्या संशोधन केंद्रात कोंडलेल्या हरणांमध्ये. आता तो कितीतरी राज्यांत पसरला आहे, म्हणून ही पिशवी आणि ही चिठ्ठी. मादीच्या मालकाच्या कागदावरची पट्टी कापलेली होती. तारीख आणि सही करून, जनावर पडलं त्या जागीच ती पूर्ण करायची असते. तिथून हलल्यावर केली तर गुन्हा.

माझ्या लेखी परवाना म्हणजे बंदुकीचा. सिंधुदुर्गात आमच्या घरी ठासणीची बंदूक होती, वडिलांच्या नावावर, शेतीसंरक्षणासाठी. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती जपून ठेवायची, निकाल लागल्यावर परत आणायची. नूतनीकरणाच्या तारखा आईला पाठ असत. वायोमिंगमध्ये साधी रायफल बाळगायला परवाना लागत नाही. तिथे परवाना लागतो तो जनावराला. हा फरक समजून घेण्यातच माझे ते सहा दिवस गेले.

भाचा चार वर्षं फोर्ट कॉलिन्सला आहे. हे गाव कोलोरॅडोत, राज्याच्या उत्तर टोकाकडे. त्याच्या ऑफिसातला हा मित्र त्रेसष्ट वर्षांचा, तिथेच जन्मलेला, तिथेच वाढलेला. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो एल्कच्या शिकारीला निघाला होता आणि त्याला सामान वाहायला दोन माणसं हवी होती. मी जनावर मारायला गेलो नव्हतो. मारावं असं मला वाटतही नाही. पण लहानपणी हाकाऱ्याचा आवाज ऐकलेला आहे, आणि वडिलांनी सांगितलेल्या गोष्टी डोक्यात आहेत. म्हणून 'येतो' म्हणालो.

फोर्ट कॉलिन्सहून दोनशे सत्याऐंशी नंबरच्या रस्त्याने उत्तरेला निघालं की पाऊण तासात राज्याची हद्द येते. एक फलक, बाकी काही नाही. अलीकडे पिवळं गवत, पलीकडे तेच पिवळं गवत, वारा तोच. कुंपणापलीकडे हरणासारख्या प्राँगहॉर्नचे कळप चरत होते. त्यातला एखादा दिवसभरात दहा वेळा ही हद्द ओलांडत असेल. पण त्या फलकापाशी आमचा मित्र परराज्यातला झाला. लहानपणापासून तो इथल्या नद्यांवर मासे धरायला येतो, इथल्या वाटा त्याला घरच्यासारख्या ठाऊक आहेत. तरी शिकार खात्याच्या दृष्टीने तो आणि फ्लोरिडाहून विमानाने आलेला माणूस एकाच रांगेतले.

रांग हा शब्द मी उगाच वापरत नाही. परराज्यातल्या माणसाने एल्कसाठी जानेवारीत, फार तर फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत अर्ज करायचा. मग म्हाडाच्या घरांची निघते तशी सोडत निघते. मर्यादित संख्येच्या विभागांत एल्कच्या परवान्यांपैकी सोळा टक्केच बाहेरच्यांसाठी, उरलेले चौऱ्याऐंशी टक्के रहिवाशांसाठी. रानमेंढा किंवा मूस यांच्या बाबतीत बाहेरच्यांचा वाटा दहा टक्क्यांवर आला आहे. सोडतीत नाव आलं नाही तर बावन्न डॉलर भरून एक प्राधान्य गुण विकत घेता येतो. बाहेरच्यांच्या वाट्यातले तीन चतुर्थांश परवाने ज्यांचे गुण जास्त त्यांना जातात, उरलेला चौथा हिस्सा निव्वळ नशिबावर. आमच्या मित्राने पाच वर्षं गुण साठवले होते. नाव लागलं की गुण शून्यावर येतात.

आता पैसे. वायोमिंगच्या रहिवाशाला एल्कचा परवाना सत्तावन्न डॉलरला मिळतो. परराज्यातल्याला तोच परवाना ६९२ डॉलरला. शिवाय अर्जाचं शुल्क, शिवाय संवर्धनाचा स्टॅम्प. आणि रहिवासी म्हणवून घ्यायचं तर पूर्ण एक वर्ष त्या राज्यात घर करून राहिलेलं असावं लागतं. आपल्याकडे अधिवासाच्या दाखल्याला पंधरा वर्षं दाखवावी लागतात, त्यामुळे एक वर्ष ऐकून मला ते सोपं वाटलं. मित्राला तसं बोललो, तर तो म्हणाला, घर, नोकरी आणि नातवंडं कोलोरॅडोत असताना एका एल्कसाठी वर्षभर कोण जाईल?

लॅरमीला जेवलो. सात हजार फुटांवरचं गाव, माझा श्वास जिन्यावर अडकत होता. तिथून सेंटेनियलवरून स्नोई रेंजचा घाट चढलो. माथा जवळपास अकरा हजार फुटांवर, दोन्ही बाजूंना कालचा बर्फ. हा रस्ता नोव्हेंबरात बंद होतो तो उन्हाळ्यापर्यंत. पलीकडे उतरलं की सॅराटोगा, गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. तिथल्या दुकानात एकाच गल्ल्यावर काडतुसं, पाव, केशरी टोप्या आणि परवाने विकायला होते.

त्या दुकानाबाहेर मी रायफल सीटवरून जरा सरकवायला हात पुढे केला, आणि भाचा पटकन म्हणाला, "मामा, राहू दे. तीही नको, काडतुसांची पेटीही नको." तो नोकरीच्या व्हिसावर आहे, मी पाहुणा म्हणून आलेला. व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. त्याला मोजके अपवाद आहेत, आणि त्यातला एक म्हणजे तिथल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना. तिकडे असलेली आपली मुलं मित्रांबरोबर सहज नेमबाजीला जातात, त्यांनी हे वाचून ठेवावं. भाच्याने सांगितलं, अलास्कात आणखी कडक आहे. तिथे परराज्यातल्या अमेरिकन माणसाला तपकिरी अस्वल, डॉल मेंढा आणि डोंगरी बकरा यांच्यासाठीच वाटाड्या घ्यावा लागतो, किंवा अलास्कात राहणारा जवळचा नातेवाईक बरोबर लागतो. परदेशी पाहुण्याला मात्र प्रत्येक मोठ्या जनावरासाठी परवानाधारक वाटाड्या. जवळच्या नात्यात भाऊ चालतो, मेहुणा चालतो, आजोबा चालतात. मामा त्या यादीत नाही.

शिकारीचं प्रशिक्षण हाही एक दाखला लागतो. वायोमिंगमध्ये १ जानेवारी १९६६पासून पुढे जन्मलेल्यांना, कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९पासून पुढे जन्मलेल्यांना. म्हणजे आमचा मित्र वायोमिंगच्या नियमातून सुटतो, घरच्या नियमातून नाही. बंदूक कशी धरायची एवढंच त्यात नसतं. कुठल्या अंतरावरून मारू नये, जखमी जनावराच्या मागे किती जायचं, मांस कसं वाचवायचं, हेही असतं. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं तिथे गुन्हा आहे. आमच्या गावात मांसाचे वाटे पडत, तेव्हा कातड्याला चिकटलेला तुकडासुद्धा कुणी टाकत नसे. त्यासाठी कायदा करावा लागतो हे ऐकून आधी नवल वाटलं, आणि मग त्या देशाचा इतिहास आठवला.

एकोणिसाव्या शतकात त्याच मैदानांवरून आगगाडी गेली. कोट्यवधी रानगवे होते. कातड्यासाठी आणि जिभेसाठी मारले, बाकी धडं कुजत ठेवली. १८८०चं दशक संपता संपता मोकळ्या रानात काही शेकडे उरले. एल्क आणि प्राँगहॉर्नही बाजारात विकायला मारले जात. बाहेरून आलेल्या माणसाने मारायचं आणि गाडीत भरून न्यायचं, हे रोखण्यातूनच त्यांचे कायदे उभे राहिले. १९०० सालच्या लेसी कायद्याने एका राज्यात बेकायदा मारलेलं जनावर दुसऱ्या राज्यात नेणं हा केंद्रीय गुन्हा ठरवला. १९३७ साली रायफली आणि काडतुसांवरचा अकरा टक्के कर वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना वाटायचा कायदा झाला. त्यातली अट मला फार मोलाची वाटते. ज्या राज्याला हा पैसा हवा त्याने परवान्यांचं उत्पन्न वन्यजीव खात्याबाहेर वळवायचं नाही. आणि वाटणीचं निम्मं माप म्हणजे त्या राज्यात परवाने घेणारे किती. वायोमिंगच्या खात्याचा मोठा भार परराज्यातल्या लोकांच्या शुल्कावर असतो. आमच्या मित्राचे ६९२ डॉलर कुठे जातात याचा हिशोब आहे.

हे कळायच्या आधी मी त्याच्याशी वाद घातला होता. एकाच देशाचे नागरिक, जमीन बरीचशी केंद्र सरकारची, आणि बारापट शुल्क? त्याने शांतपणे मोंटानाच्या खटल्याचं सांगितलं. १९७६ साली मोंटानाचा रहिवासी नऊ डॉलरला एल्कचा परवाना घेई. बाहेरच्याला मात्र इतर जनावरांसकटचा एकत्र परवानाच घ्यावा लागे, २२५ डॉलरला. मिनेसोटाचे शिकारी कोर्टात गेले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने मोंटानाच्या बाजूने निकाल दिला. दुसऱ्या राज्यात जाऊन पोट भरण्याचा हक्क नागरिकाला आहे, मौजेसाठी एल्क मारणं हा तसला मूलभूत हक्क नाही, असा त्याचा आशय. मित्र हरलेल्या बाजूचा माणूस, पण त्याची तक्रार नव्हती. "जनावरं त्यांची," तो म्हणाला. "हिवाळाभर ती त्यांच्या गवतावर जगतात. मी आठ दिवसांचा पाहुणा."

वडील हेच सांगत, वेगळ्या शब्दांत. दुसऱ्या गावच्या शिवेत हाकारा घालायचा तर आधी त्या गावच्या मानकऱ्यांना विचारायचं, देवाला गाऱ्हाणं घालायचं, आणि जनावर पडलं तर त्या गावाचा वाटा तिथेच ठेवून यायचा. न विचारता शिरलेल्यांची भांडणं पिढ्यान् पिढ्या चालली. ते सगळं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पुढे १९९१च्या दुरुस्तीने संपलं. संपलं ते बरं झालं, असं मी मनापासून मानतो. आपल्या रानात तेवढी जनावरंच उरली नव्हती.

सॅराटोगाच्या पुढे एनकॅम्पमेंट, आणि तिथून सिएरा माद्रे डोंगरात बॅटल पासकडे जाणारा रस्ता. दहा हजार फुटांच्या जरा खाली आम्ही तंबू ठोकला. भुंगेऱ्यांनी पोखरून मेलेली पाइनची झाडं मैलोन् मैल राखी रंगाची उभी होती, मध्ये मध्ये नवी हिरवी रोपं. रात्री पाण्याची बाटली आतून गोठली. तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही एका उघड्या उतारावर खडकाच्या आडोशाला बसलो. तिघांच्याही अंगावर केशरी बंड्या. उजाडलं तेव्हा समोरच्या झाडीतून माद्या बाहेर आल्या. एक, दोन, सात. त्यांच्या मागे नर. शिंगांचा पसारा सांभाळत, मान मागे टाकून तो चालत होता. पावलांचा आवाज नाही, फक्त नाकातून निघणारी वाफ.

मित्राने रायफल खांद्याला लावली. मी श्वास धरला. मग त्याने मान वळवून फोनवरचा नकाशा पाहिला, आणि नळी खाली केली. गोळी काढून खिशात टाकली.

कळप हस्टन पार्कच्या हद्दीत गेला होता. हस्टन पार्क हे १९८४ साली घोषित झालेलं 'विल्डरनेस', म्हणजे निसर्गावर सोडलेलं रान. गाडी नाही, सायकल नाही, यंत्र नाही. वायोमिंगचा कायदा सांगतो, केंद्राने घोषित केलेल्या अशा रानात परराज्यातल्या माणसाने मोठ्या जनावराची शिकार करायची तर परवानाधारक वाटाड्या बरोबर हवा, किंवा खात्याकडून फुकट परवाना घेतलेला वायोमिंगचा रहिवासी हवा. आमच्याबरोबर दोघांपैकी कुणी नव्हतं. जमिनीवर रेषा नव्हती, कुंपण नव्हतं. नर त्या रेषेपलीकडे दोनशे पावलांवर उभा राहून आमच्याकडे बघत होता.

या एका नियमाशी मात्र मी सहमत नाही, आणि ते स्पष्ट लिहितो. हजारो मैलांवरून आलेला, त्या डोंगराची काही माहिती नसलेला मी, हातात काठी घेऊन त्या रानात एकटा खुशाल शिरू शकत होतो. मित्रही चालत जाऊ शकत होता. वाट चुकण्याचा, घसरण्याचा, गोठण्याचा धोका आम्हा दोघांना सारखाच, माझा तर जास्त. मग वाटाड्याची सक्ती फक्त शिकाऱ्यावर का? तीही परराज्यातल्यावरच का? ती माणसाच्या जिवासाठी नाही, वाटाड्यांच्या धंद्यासाठी आहे, असं माझं मत झालं आहे. जनावरासाठी घातलेली बंधनं मला पटली, अगदी बारापट शुल्कही पटलं. पण त्याच खात्यात १,९५० डॉलर भरणाऱ्या बाहेरच्यांची सोडत वेगळी निघते, आणि तिच्यात अर्ज कमी असतात. ज्याच्याकडे पैसा आहे त्याने रांग आखूड करून घ्यायची, हे त्या सगळ्या घडीला शोभत नाही.

नियम पटो न पटो, मित्राने नळी खाली केली. तिथे आमच्याशिवाय कुणी नव्हतं. गोळी झाडून नर अलीकडे पडला असं सांगितलं असतं, तर कुणाला कळलं असतं? तो वीस मिनिटं दुर्बिणीतून बघत बसला, मग दुर्बीण मला दिली.

रात्री शेकोटीपाशी त्याने एक गोष्ट सांगितली, तिने माझा परका-घरचा हिशोबच हलवला. १८६८ साली क्रो या मूलनिवासी लोकांनी फोर्ट लॅरमीच्या तहात आपली बहुतेक जमीन सरकारला दिली आणि वस्ती नसलेल्या सरकारी रानात शिकारीचा हक्क राखून ठेवला. वायोमिंग राज्य झालं त्यानंतर बावीस वर्षांनी, १८९०मध्ये. २०१४च्या हिवाळ्यात क्रो जमातीची काही माणसं एल्कच्या मागावर मोंटानातल्या आपल्या वस्तीतून वायोमिंगमधल्या बिगहॉर्नच्या रानात आली, राज्याची हद्द ओलांडून. वायोमिंगने परवाना नाही, हंगाम नाही म्हणून क्लेव्हिन हेरेरा यांच्यावर खटला भरला. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, राज्य झाल्याने तहाचा हक्क संपत नाही. ज्याला राज्य परराज्यातला म्हणत होतं, त्याचे पूर्वज राज्याच्या आधीपासून तिथे शिकार करत होते. मी वडिलांच्या मानकऱ्यांचा विचार करत होतो. आधी कुणाला विचारायचं, हा प्रश्न शीव कुणी आखली याच्यावरच येऊन थांबतो.

सहाव्या दिवशी रिकाम्या हातांनी परत निघालो. ऐंशी नंबरच्या महामार्गावरून एल्क माउंटन दिसतो, एकटा, डोक्यावर बर्फ घेतलेला. इथली जमीन आगगाडीच्या कंपनीला एक मैलाच्या चौकटी-चौकटींनी, एक सोडून एक, दिली गेली होती. बुद्धिबळाचा पट म्हणा. काळ्या घरांत खासगी मालक, पांढऱ्या घरांत सरकारी रान, आणि पांढरी घरं फक्त कोपऱ्यांनी एकमेकांना टेकलेली. २०२१ साली मिसूरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी एक शिडी आणली आणि खासगी जमिनीला पाय न लावता कोपऱ्यावरून पलीकडे उतरले. मालकाने तक्रार केली. ज्युरीने त्यांना निर्दोष सोडलं, आणि दिवाणी दाव्यात २०२५च्या मार्चमध्ये केंद्रीय अपील न्यायालयानेही त्यांच्या बाजूने निकाल दिला. परराज्यातल्या चार माणसांच्या शिडीमुळे तिथल्या रहिवाशांनाही आपल्याच सरकारी रानाची वाट खुली झाली. हे सांगताना मित्राच्या आवाजात अभिमान होता, तो त्या चौघांना ओळखत नसतानाही.

नाक्यावर पुन्हा थांबलो. शिकार मिळो न मिळो, थांबावंच लागतं. वॉर्डनने न कापलेली पट्टी बघितली आणि किती माद्या दिसल्या, कुठे दिसल्या, ते विचारलं. मित्राने सात माद्या आणि एक नर सांगितला, जागा नकाशावर दाखवली. तिने ते लिहून घेतलं.

आमच्या गावात आज रानडुकरं पुष्कळ आहेत. रात्रीत भाताची खाचरं तुडवून जातात, सुरण उकरतात, आणि अधूनमधून लपून छपून मारलीही जातात. पण गावच्या रानात किती आहेत, किती मेली, कुणी मारली, याची नोंद मी कुठे पाहिलेली नाही. आपल्याकडे शिकार पुन्हा सुरू करा असं मी कधीच म्हणणार नाही. रानात काय आहे ते विचारणारं कुणी असावं आणि सांगितलेलं लिहून घेणारं कुणी असावं, एवढी मागणी मात्र मी वनखात्याकडे आणि माझ्या गावाकडेही करतो.

जानेवारीत भाच्याचा फोन आला. मित्राने पुन्हा अर्ज भरला होता, शून्य गुणांवर. नशिबाने चिठ्ठी निघाली नाही तर एवढे गुण पुन्हा साठायला त्याला पाच वर्षं लागतील. तेव्हा तो अडुसष्ट वर्षांचा असेल.